‘शांतचित्ताने ऐकून घ्यावे’ : बोरीकाठच्या एका वर्गातील अबोल मुलाचे प्रकरण

हे प्रकरण अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी असलेल्या एका गावातील माध्यमिक शाळेचे आहे. त्या शाळेत मी मराठी शिकवते. ज्या विद्यार्थ्याविषयी लिहीत आहे तो २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात नववीत होता. त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या संमतीने हे लिहिले असले, तरी गावाचे किंवा कोणाचेही नाव येथे दिलेले नाही. मूळ तक्रार एका ओळीत मावणारी होती : मुलगा वर्गात बोलत नाही. वही पूर्ण असे, चाचणीत गुण मध्यम असत, खोड्या नव्हत्या; पण प्रश्न विचारला की तो उभा राही, खाली पाही आणि ‘बस’ म्हणेपर्यंत तसाच उभा राही. शिक्षकांच्या खोलीत त्याच्याविषयी ‘लाजाळू आहे, होईल हळूहळू’ असे म्हटले जाई, आणि मीही तसेच म्हणत असे.

काट्यावरचा मुलगा

डिसेंबर २०२३ मधील एका रविवारी मी काही कामासाठी गावात थांबले होते. कापसाची खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्याने गावात येऊन केलेली खरेदी, सुरू होती. मारुतीच्या पारापाशी व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता, शेजारी काटा मांडलेला होता, आणि वडिलांच्या बाजूला उभा राहून हा मुलगा व्यापाऱ्याशी बोलत होता. मालात ओल असल्यामुळे क्विंटलमागे कडता, म्हणजे वजनात कपात, कापावा लागेल, असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते. मुलाने गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस वर काढला, मुठीत दाबला, मूठ उघडून तो पुन्हा फुलतो आहे हे व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर धरले आणि म्हणाला, “शेठ, तीन दिनपाईन उनमा वाळेल माल शे, मंग कडता कसाना?”

व्यापाऱ्याने बाजार पडल्याचे कारण पुढे केले. मुलाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, मध्येच तोडले नाही. मग लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामातील हमीभाव ७०२० रुपये आहे, शासकीय खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला कपात नाही, आणि आपण मागतो आहोत तो भाव हमीभावापेक्षाही कमीच आहे, असे तीन मुद्दे त्याने एकामागून एक मांडले. शेवटी कडता निम्म्यावर आला. वडील सगळा वेळ गप्प होते; हिशेब ठरल्यावर त्यांनी फक्त मान हलवली.

मी दुकानाच्या ओट्यावरून हे पाहत होते आणि मला स्वस्थ बसवेना. समोरच्याचे पूर्ण ऐकणे, पुरावा हातात धरून दाखवणे, मुद्द्यांचा क्रम लावणे, आवाज न चढवता आपल्या जागी ठाम राहणे हे सारे त्या मुलाकडे होते, आणि तेच मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून शिकवत आले होते. तेव्हा त्याला बोलता येत नव्हते असे म्हणायची सोयच उरली नाही. वर्गात असे काय होते की तिथे त्याचे शब्द थांबत होते, एवढाच प्रश्न उरला.

१ ऑगस्टचा प्रसंग

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला चार महिने मागे जावे लागले. १ ऑगस्ट हा लोकमान्य टिळकांचा स्मृतिदिन आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती, त्यामुळे आपल्याकडील बहुतेक शाळांत त्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा असते. त्या वर्षी प्रत्येक तुकडीतून नवी मुले पुढे आणायची असे ठरले, आणि मी या मुलाचे नाव दिले. भाषण मीच लिहिले, दीड पानाचे. त्याने ते आठ दिवस पाठ केले. स्पर्धेच्या दिवशी तो उभा राहिला, “सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो” म्हणाला, “मी आज तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे, ही नम्र विनंती” म्हणाला, पुढची दोन वाक्ये म्हणाला आणि थांबला. समोरून दोघे-तिघे हसले. कोणी तरी मागून पुढचा शब्द पुरवला, तो चुकीचा होता, त्यामुळे हसणे वाढले. तेव्हा त्याच्या तोंडून निघाले, “माले याद नही ऱ्हायनं.” आता सगळी मुले हसली. आणि मी, माईकजवळ उभी असलेली त्याची शिक्षिका, त्याला धीर देण्याऐवजी म्हणाले, “शाळेत शुद्ध बोलायचं असतं ना?”

ही चूक माझी आहे आणि ती मी येथे पूर्ण लिहीत आहे, कारण या प्रकरणाचे मूळ तिच्यात आहे. त्या एका वाक्याने मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या : तू अडलास तर येथे तुझे कोणी ऐकणार नाही, आणि अडल्यावर जी भाषा आपोआप तुझ्या तोंडी येते ती येथे चालणार नाही. त्यानंतर तो वर्गात बोलला नाही, यात नवल कसले?

‘शुद्ध’ या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे. खानदेश म्हणजे जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे तीन जिल्हे. या पट्ट्यातील मुले घरी अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या बाजूला पावरी किंवा भिली, कुठे गुजरी बोलतात. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’, ‘मला’ला ‘माले’, ‘घरात’ला ‘घरमा’, ‘आमचा’ला ‘आमना’ म्हणतात. या रचना नियमाने चालतात; भाषा-अभ्यासक ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीची स्वतंत्र नोंद केली आणि जनगणनेतही ती मराठीहून वेगळी मोजली जाते. मुलगा ‘शे’ म्हणतो तेव्हा तो ‘आहे’ चुकीचे म्हणत नसतो, तो दुसऱ्या व्याकरणाने बरोबर बोलत असतो. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, कारण परीक्षा, अर्ज, मुलाखत आणि कचेरी सगळे तिच्यातच चालते. पण आधी असलेली भाषा बंद करून ती येत नाही, हे मला वीस वर्षे शिकवूनही नीट उमगले नव्हते.

आपण किती वेळ थांबतो

जानेवारी २०२४ मध्ये मी विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती केली. त्यांनी माझ्या तासाला मागच्या बाकावर बसावे आणि मी प्रश्न विचारल्यापासून पुढे कोणी तरी बोलेपर्यंत किती वेळ जातो तो घड्याळ लावून लिहावा. दोन तासांच्या नोंदी त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. बहुतेक ठिकाणी एक सेकंद, फार तर दीड. त्यानंतर मी एक तर दुसऱ्याकडे वळत होते, नाही तर स्वतःच उत्तर देत होते. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शेकडो वर्ग ऐकून हेच नोंदवले होते : शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी होतात आणि एरवी गप्प बसणारी मुले आपणहून बोलू लागतात. हे मी प्रशिक्षणात ऐकले होते. माझ्या वर्गात तो एक सेकंद मीच देत होते, हे मात्र कागदावर पाहीपर्यंत मानले नव्हते.

घरी अहिराणीत विचार करून शाळेत मराठीत उत्तर देणाऱ्या मुलाला तर या एका सेकंदात तीन कामे करायची असतात. प्रश्न समजायचा, उत्तर सुचायचे आणि ते दुसऱ्या भाषेत मांडायचे. काट्यावर त्याला पहिली दोनच कामे होती आणि वेळ भरपूर होता.

दुसरे कारण वर्गात बसलेल्या इतर ४१ मुलांमध्ये होते. बोलणाऱ्याकडे पाहायचे कसे, तो थांबला तर काय करायचे, त्याचे म्हणणे आपल्याला कळले की नाही हे कसे तपासायचे, यांपैकी काहीही आम्ही त्यांना शिकवलेले नव्हते. दरवर्षी प्रत्येक भाषणाच्या आरंभी मुले ‘शांतचित्ताने ऐकून घ्यावे’ अशी विनंती करतात, आणि शाळेच्या सबंध वेळापत्रकात त्या विनंतीला उत्तर देण्याची सोय कुठेच नसते. दहावीला भाषेच्या विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. २०१९ च्या परीक्षेत हे २० गुण बंद झाले, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले. त्या वेळी गुणांवर फार चर्चा झाली. मुलांना बोलायला आणि ऐकायला शिकवायचे कोणी आणि कोणत्या तासाला, याची चर्चा मी तरी आमच्या भागात ऐकली नाही.

शनिवारची चाळीस मिनिटे

शनिवारी शाळा सकाळची असते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शेवटची चाळीस मिनिटे आम्ही या कामाला घेतली. पहिला निर्णय असा केला की या मुलाला वेगळे काढून काही शिकवायचे नाही. त्याला वेगळे बसवले असते तर दोष त्याचाच आहे यावर आणखी एक शिक्का बसला असता.

मुलांच्या जोड्या केल्या. जोडीतील एकाने आपल्याला पक्के ठाऊक असलेल्या कामाविषयी, ज्या भाषेत सोपे जाईल त्या भाषेत, तीन मिनिटे बोलायचे. दुसऱ्याने फक्त ऐकायचे, लिहून घ्यायचे नाही. मग वर्गासमोर उभे राहायचे ते ऐकणाऱ्याने, आणि जोडीदार काय म्हणाला ते सांगायचे. सांगणे बरोबर आहे की नाही ते मूळ बोलणारा ठरवणार. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात वादात सापडलेल्या माणसांसाठी असाच नियम सुचवला होता : समोरच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल इतके अचूक परत सांगितल्याशिवाय आपले म्हणणे मांडायचे नाही. वर्गात या नियमाचा एक फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. उभा राहणारा मुलगा स्वतःविषयी बोलत नसतो, त्यामुळे आपली परीक्षा चालली आहे असे त्याला फारसे वाटत नाही. आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो बसल्या जागेवरून कान टवकारून ऐकतो.

पहिल्या दोन शनिवारी हा मुलगा आपल्या जागेवरच राहिला. तिसऱ्या शनिवारी त्याची जोडी भिलाटीतून, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतून, येणाऱ्या एका मुलीशी पडली. तिच्या घरी भिली बोलतात आणि तिचाही आवाज आम्ही हजेरीच्या पलीकडे ऐकला नव्हता. ती कापूस वेचण्याविषयी बोलली. बोंडाच्या सुकलेल्या पाकळीची टोके बोटांत घुसतात, म्हणून ती सकाळीच बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधते. दुपारी घामाने चिंध्या सैल झाल्या की दातांनी गाठ पुन्हा आवळते. मुलगा उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते आणि वर्ग गप्प होता, कारण थांबलेल्या माणसाला शब्द पुरवायचा नाही हा नियम पहिल्याच शनिवारी ठरला होता. मग त्याने दातांनी गाठ आवळण्याची कृती करून दाखवली आणि सांगायला सुरुवात केली. अर्धे मराठीत, अर्धे अहिराणीत. ती दिवसाला बारा किलो वेचते, असे तो म्हणाला, तेव्हा खाली बसलेल्या मुलीने मोठ्याने सांगितले, “बारा नाही, सोळा.” त्याने लगेच “सोळा” अशी दुरुस्ती केली. त्या दिवशी दोन मुले बोलली. मी एकाकडे पाहत होते म्हणून दुसरी माझ्या ध्यानात उशिरा आली, हेही नोंदवून ठेवते.

पुढच्या शनिवारी मी मुलांना बहिणाबाई चौधरींची गोष्ट सांगितली. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करताना त्यांना ओव्या सुचत, त्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकून टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने त्यानंतर आल्या. मुलांनी हे पूर्वी कवयित्रीचा परिचय म्हणून पाठ केले होते. यावेळी मी त्यांना एवढेच विचारले, की त्या दोघांनी कान दिला नसता तर काय झाले असते? शिवाय त्यांनी बाईंची बोली जशीच्या तशी ठेवली, ‘शुद्ध’ करून घेतली नाही. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

बोलीकडून प्रमाण भाषेकडे जाण्यासाठी आम्ही एकच गोष्ट दोन श्रोत्यांना सांगण्याचा सराव केला. आधी आजीला, मग तहसील कार्यालयातील साहेबांना. आजीला सांगताना ‘आमना वावरमा पाणी शिरनं’, साहेबांना सांगताना ‘आमच्या शेतात पाणी शिरले’. कोण ऐकणार आहे हे समोर स्पष्ट असले की मुले स्वतःच भाषा बदलतात, आणि शब्दांइतकाच तपशीलही बदलतात. आजीला कोणाचे शेत ते सांगावे लागत नाही, साहेबांना गट क्रमांकापासून सांगावे लागते. हे एका मुलीने काढलेले निरीक्षण आहे. माझ्या आखणीत ते नव्हते. मी एकच पथ्य पाळले : चालू वाक्यात दुरुस्ती करायची नाही. झालेल्या चुका मी टिपून ठेवी आणि सोमवारी व्याकरणाच्या तासाला, कोणाचे वाक्य ते न सांगता, फळ्यावर घेई.

भीतीच्या शारीरिक बाजूविषयीही मुलांशी मोकळेपणाने बोलणे आवश्यक होते. तोंड कोरडे पडणे, छाती धडधडणे, हात कापणे ही शरीराची धोक्यासाठीची तयारी असते आणि ती सगळ्यांना होते. बोलणाऱ्याला मात्र असे वाटते की आपली थरथर सर्वांना दिसते आहे. सॅवित्स्की आणि गिलोविच या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले, की ही समजूत अतिशयोक्त असते आणि ती तशी असते एवढे आधी समजावून सांगितलेले लोक प्रत्यक्षात चांगले बोलतात. आम्ही वर्गातच पडताळा घेतला. बोलून झाल्यावर बोलणाऱ्याने आपण किती घाबरलेले दिसलो ते कागदावर लिहायचे आणि ऐकणाऱ्यांनी आपल्याला काय दिसले ते लिहायचे. या मुलाने लिहिले, ‘पाय लटलट कापत होते, सगळ्यांनी पाहिले.’ ऐकणाऱ्यांपैकी एकानेही पायांचा उल्लेख केला नव्हता. एका मुलाने एवढेच लिहिले होते की तो शर्टाचे दुसरे बटण सारखे ओढत होता. तो कागद त्याने घडी करून दप्तरात ठेवला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आम्ही मुलांना एक दिवस घेऊन गेलो आणि एकच काम दिले : कोणत्याही एका वक्त्याचे ऐका आणि तो कुठे थांबतो ते पाहा. परतीच्या एसटीत ज्या गप्पा झाल्या त्यांत मोठी माणसेही कागदाकडे पाहतात, पाणी पितात, शब्द शोधतात, या गोष्टीचे मुलांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटले होते.

जे फसले आणि जे अडले

सगळे सरळ झाले नाही. मार्चमध्ये मी मुलांची बोलणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यांना ऐकवली. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना सुधारणा कळेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मुले आवाजाच्या पट्टीवरून एकमेकांना चिडवू लागली आणि हा मुलगा पुढचे दोन शनिवार गैरहजर राहिला. मी मुद्रण वर्गासमोर पुसून टाकले आणि पुन्हा ते केले नाही. ज्याला आपला आवाज ऐकायची इच्छा असेल त्याने एकट्याने ऐकावा, एवढीच मुभा ठेवली.

दुसरी अडचण चांगले बोलणाऱ्या मुलांची होती. गटचर्चा सुरू झाली की दोन मुली आणि एक मुलगा सारी जागा व्यापून टाकत. त्यांना गप्प करणे अन्यायाचे झाले असते, कारण बोलण्याची हौस हा काही दोष नव्हे. शेवटी घरोघरी मिळणारे चिंचोके कामी आले. प्रत्येकाला तीन चिंचोके द्यायचे, एकदा बोलले की एक ताटलीत टाकायचा, तिन्ही संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत ऐकायचे. पहिल्या चर्चेत त्या तिघांचे चिंचोके पाच मिनिटांत संपले, आणि नंतर जी शांतता पसरली ती मला फार अवघड गेली. हळूहळू ते आपला तिसरा चिंचोका जपून ठेवू लागले. या मुलाच्या मुठीत मात्र कित्येक दिवस तिन्ही चिंचोके तसेच राहत. घामाने ओले झालेले ते चिंचोके तो तास संपल्यावर परत डब्यात टाकी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने पहिला टाकला.

खरा अडसर मात्र घरातून आला, आणि तो रास्त होता. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्याचे वडील भेटायला आले. बराच वेळ पावसाविषयी आणि पेरणीविषयी बोलले. मग म्हणाले, “बाई, पोऱ्या आते घरमा बी उलटा बोलस.” आपण मुलांना बोलते करतो तेव्हा ती फक्त आपल्या तासाला बोलतील असे नसते, याचा विचार मी केला नव्हता. ज्या घरात मोठ्यांसमोर न बोलणे हाच आदर मानला जातो, तेथे मुलगा ‘मला असे वाटत नाही’ म्हणाला तर तो बापाला अपमान वाटू शकतो, आणि ती भावना जुनाट म्हणून झटकून टाकणे मला योग्य वाटले नाही. मी त्यांना डिसेंबरमधली काट्यावरची गोष्ट आठवून दिली. व्यापाऱ्याशी तो कसा बोलला, हे त्यांनाही आवडले होते. मी म्हटले, “आप्पा, शेठजींचं त्यानं आधी पूर्ण ऐकलं होतं. घरी तसं ऐकतो का?” ते म्हणाले, नाही. मग शनिवारचा नियम घरीही लावायचा असे आम्ही तिघांनी ठरवले. वडील काय म्हणाले ते त्याने आधी परत सांगायचे, ते ‘हो’ म्हणाले की मग आपले म्हणायचे. हा नियम वडिलांनाही लागू राहील, ही अट मुलाने घातली. वडिलांनी थोडा विचार करून ती मान्य केली. घरी तो किती पाळला जातो हे मी कधी विचारले नाही.

तोंडी परीक्षा

दहावीचे वर्ष सुरू झाल्यावर शनिवारची वेळ अभ्यासाच्या जादा तासांनी खाल्ली आणि महिन्यातून एखादाच शनिवार आमच्या वाट्याला राहिला. मी मात्र रोजच्या तासाला थांबण्याची सवय सोडली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मराठीची तोंडी परीक्षा झाली. खोलीत मी आणि आणखी एक शिक्षिका होतो, दारात पुढच्या क्रमांकाची मुले उभी होती. त्याने विषय स्वतः निवडला होता : कापूस विकताना काय पाहावे. तो उभा राहिला आणि थांबला. मी मोजत होते, अकरापर्यंत पोहोचले. शेजारच्या शिक्षिका काही विचारण्यासाठी पुढे झुकल्या, मी टेबलाखालून हाताने त्यांना थांबवले. दारातल्या मुलांपैकी कोणीही शब्द पुरवला नाही. त्याचा हात शर्टाच्या बटणाकडे गेला, तेथून खाली आला, त्याने श्वास सोडला आणि म्हणाला, “कापूस ओला आहे की कोरडा, हे आधी हाताला कळतं.” त्यानंतर तो चार मिनिटे बोलला. मध्ये एकदा ‘शे’ आला. तो थांबला नाही आणि मीही काही लिहिले नाही. शेजारच्या शिक्षिकांनी विचारले, की हाताने बघण्यापेक्षा ओलावा मोजण्याचे यंत्र वापरलेले बरे नाही का? त्यावर तो म्हणाला, “तुमचं म्हणणं असं, की हाताचा अंदाज चुकू शकतो. बरोबर?” त्यांनी होकार दिल्यावरच त्याने उत्तर दिले, की यंत्र असावेच, पण ते व्यापाऱ्याचे असते आणि त्यावरचा आकडा आपल्याला कोणी दाखवत नाही.

गुण किती मिळाले हे मी मुद्दाम लिहीत नाही. दहावीच्या सुरुवातीला, २०२४ मध्ये, १ ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी त्याला विचारले होते आणि त्याने नकार दिला होता. मी आग्रह धरला नाही. स्पर्धेचे मंच काही मुलांना फुलवतात, पण पाठ केलेले भाषण म्हणून दाखवणे म्हणजे बोलता येणे, ही आपल्याकडची समजूत मी आता मानत नाही. आमच्या शाळेत २०२५ पासून त्या स्पर्धेत लिहिलेले भाषण देण्याऐवजी विषय आधी आणि मुद्दे मुलांचे अशी पद्धत सुरू झाली आहे. भाग घेणारी मुले कमी झाली आहेत, तक्रारीही आल्या आहेत.

भिलाटीतील ती मुलगी नववीनंतर शाळेत आली नाही. कुटुंब कामासाठी बाहेरगावी गेले. तिचा दाखला आजही शाळेतच आहे. या प्रकरणाचा विचार करताना हे मी बाजूला ठेवू शकत नाही, कारण चिंध्यांची ती गोष्ट तिची होती, आणि आम्ही ती ऐकली तेव्हा तिच्यासाठी पुढचे काही करायला हवे होते ते आमच्याकडून झाले नाही.

मुलगा आता अमळनेरला अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो भेटायला आला होता. वर्गात प्रश्न विचारतो, असे त्याने सांगितले. एसटीच्या पासविषयी आगारात जाऊन स्वतः बोलून आला होता. एक गोष्ट मात्र अजून जमत नव्हती. पीक विम्याच्या कामासाठी वडील त्याला मदत क्रमांकावर फोन लावायला सांगतात आणि पलीकडून आवाज आला की त्याचे शब्द पुन्हा थांबतात. तो म्हणाला, “बाई, समोरच्याचं तोंड दिसत असलं की तो ऐकतोय का नाही ते कळतं. फोनवर कसं कळायचं?” माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. आम्ही दोघे अंगणात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून बसलो, मी मदत केंद्रातील कर्मचारी झाले आणि त्याने आपला गट क्रमांक सांगायला सुरुवात केली.